गावकरी कामावर जात नाहीत, दारात अडकतात, रात्री बाहेरच उभारतात: माइनक्राफ्टच्या गावातल्या वाटा तपासायची पद्धत

माइनक्राफ्ट या ब्लॉकच्या, म्हणजे ठोकळ्यांच्या, गेममध्ये गावकरी नावाची पात्रं असतात, ती गेमच चालवतो. ती वाटेत अडकली की काय बघायचं ते हे. आधी लक्षणं सांगतो. यातली दोन-तीन जरी तुमच्या गावाशी जुळली तर पुढचं वाचा, नाहीतर तुमचा प्रॉब्लेम वेगळा आहे.

लायब्रेरियनच्या, म्हणजे पुस्तकं विकणाऱ्या गावकऱ्याच्या, ट्रेडवर लाल फुली येते (माल संपल्याची खूण) आणि दुसऱ्या दिवशी पण ती जात नाही. रात्र झाली तरी चार-पाच गावकरी एकाच भिंतीला नाक लावून बाहेर उभारलेले, आणि सकाळी त्यातला एखादा झोम्बी झालेला. घरात बेड रिकामे आणि गल्लीत गर्दी. कुणीतरी गटारात नाहीतर आडात पडून नुसत्या उड्या मारतोय. एखाद्याला घर इथं बांधून दिलंय पण तो रोज गावाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन झोपतो. आयर्न गोलम, म्हणजे गावाचा लोखंडी राखणदार, बोळाच्या तोंडाशी थांबलाय तो थांबलाय. आणि सगळ्यात जास्त दिसणारं म्हणजे गावकरी चालायला लागतो, दोन पावलं जातो, मागं फिरतो, परत दोन पावलं, असं दिवसभर.

आमच्या इथं भाचेकंपनी आणि कॉलनीतली पोरं मिळून एका सर्व्हरवर सोलापूर बांधतायत. नवी पेठ झाली, भुईकोट किल्ला झाला, सिद्धेश्वर तलाव आणि मधलं मंदिर झालं, पूर्व भागातले मागाचे कारखाने झाले. दिसायला एक नंबर. पण प्रत्येक नवीन पेठ बांधून गावकरी सोडले की आठवड्याभरात मला बोलावणं येतं, "मामा, ह्यो हितंच उभारलाय की, ढकलून पण जाईना." पोरं म्हणतात गावकरी खराब निघाला, त्याला मारून नवीन आणतात, आणि नवीन पण नेमका त्याच जागी अडकतो, कारण दोष वाटेत असतो. हा फॉल्ट मी इतक्या घरांत, इतक्या गल्ल्यांत काढलाय की आता तपासायचा एक क्रम बसलाय, फुकटातलं आधी, तोडफोड शेवटी. खालचं सगळं जावा एडिशनचं आहे, मोबाईलवरचं बेडरॉक बऱ्याच बाबतीत वेगळं वागतं, तिथं हे आकडे तसेच्या तसे धरू नका.

एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा म्हणजे निम्मं काम झालं. आपण स्वतः त्या वाटेनं चालून गेलो म्हणजे वाट बरोबर आहे हे सिद्ध होत नाही. खेळाडूची उंची १.८ ब्लॉक, गावकऱ्याची १.९५, दोघांची रुंदी ०.६. गोलम २.७ उंच आणि १.४ रुंद. आपण वाकू शकतो, दार, फाटक, ट्रॅपडोअर (भोकावरचं आडवं झडपेसारखं दार) सगळं उघडू शकतो, शिडी चढू शकतो. गावकऱ्याला यातलं फक्त दार उघडता येतं, तेही लोखंडी सोडून. शिवाय त्याला घर, दुकान, गल्ली असं काही दिसत नाही, त्याला प्रत्येक ब्लॉकचा प्रकार कळतो, की इथं पाय ठेवता येतो, इथं येत नाही, इथं येतो पण महाग पडतो. त्यावरनं तो सगळ्यात स्वस्त वाट शोधतो. ही शोधायची पद्धत ए-स्टार नावाची, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या हार्ट, निल्सन आणि राफेल या तिघांनी १९६८ मध्ये मांडलेली, आणि आजही बहुतेक गेममधली पात्रं तिच्याच कुठल्यातरी रूपावर चालतात. तर आपल्याला बघायचंय ते हे की कुठल्या ब्लॉकपाशी त्याचा हिशोब "वाट नाही" असा येतो.

काही तोडायच्या आधी घड्याळ आणि माणूस बघा

याला खर्च शून्य. माइनक्राफ्टचा दिवस २० मिनिटांचा, २४००० टिकचा (टिक म्हणजे गेमच्या घड्याळाचा एक ठोका). मोठा गावकरी २००० टिकपासून ९००० पर्यंत कामावर असतो, म्हणजे गेममधल्या सकाळी ८ ते दुपारी ३, मग ११००० पर्यंत घंटेपाशी गोळा होतो, १२००० ला झोपायला निघतो. दुपारी चारला घंटेपाशी गर्दी दिसली म्हणून घाबरून फोन करणारे लई आहेत, ती गर्दी बरोबर आहे, ती सभा आहे त्यांची. एक पूर्ण दिवस कडेला उभारून बघा. लांबून बघायचं नाही, कारण तुम्ही फार लांब असलात की त्या भागातले गावकरी हलतच नाहीत आणि तुम्ही परत आलात की ते जिथल्या तिथं दिसतात, मग वाटतं अडकलेत.

मग माणूस बघा. हिरव्या अंगरख्याचा असेल तर तो निटविट, त्याला काम कधीच मिळणार नाही, त्याच्यासाठी रस्ते खोदत बसू नका. लहान पोरगं असेल तर त्याला काम नाही पण बेड मात्र लागतो.

आणि घंटा वाजवून बघा. जवळचे गावकरी लपायला घराकडं पळतात. कोण सुसाट घरात शिरतो आणि कोण भिंतीपाशी घुटमळतो हे अर्ध्या मिनिटात दिसतं. जो घुटमळतो त्याच्यापाशी जाऊन उभारा, फॉल्ट तिथनं पाच-सहा ब्लॉकांच्या आत असतो बहुतेक.

डोक्यावरची जागा, आणि चादरीच्या दुकानांचा प्रॉब्लेम

सोलापूर बांधायचं म्हटल्यावर चादरी आल्याच. पोरांनी चादरीच्या दुकानांत, घरांत, पॅसेजमध्ये सगळीकडं कार्पेट अंथरलं, रंग-बिंग एकदम मस्त, आणि त्या दुकानांत एकही गावकरी जाईना. दार बरोबर, रस्ता बरोबर, आत सगळं मोकळं. कारण काय तर पॅसेज दोन ब्लॉक उंच, आणि कार्पेटची जाडी एका ब्लॉकच्या सोळाव्या भागाएवढी, ०.०६२५. दोनातनं ते वजा केलं की उरतात १.९३७५. गावकरी आहे १.९५. केसाएवढ्या फरकानं त्याचं डोकं छताला लागतंय. आपण १.८ चे असल्यामुळं आपल्याला काहीच जाणवत नाही, दिवसभर ये-जा करा.

हे मी पहिल्यांदा तपासतो कारण कार्पेट उचलायला एक टिचकी लागते आणि आमच्याकडच्या कितीतरी केसेस एवढ्यावरच मिटल्यात. दारातलं आणि कमी उंचीच्या जागेतलं कार्पेट काढा, किंवा छत एक ब्लॉक वर घ्या, तीन उंची असेल तर खुशाल अंथरा. हाच प्रकार उंबरठ्याचा. वाड्याला उंबरठा पाहिजे म्हणून दोन ब्लॉक उंच पॅसेजमध्ये खाली अर्धा स्लॅब टाकतात, मग राहतो दीड. उंबरठा पाहिजेच असेल तर त्याच्यावरची चौकट पण वर चढवा.

जिन्याचं पण तसंच. गावकरी एक ब्लॉक उडी मारून चढतो, पण उडी मारायला जिथनं मारतो तिथं वर जागा लागते, म्हणून जिन्यात सगळीकडं डोक्यावर तीन ब्लॉक मोकळे ठेवा. पूर्ण ब्लॉकच्या पायऱ्यांपेक्षा स्टेअर किंवा स्लॅबच्या पायऱ्या वापरा, त्यावर त्याला उडी मारावी लागत नाही, सरळ चालत जातो, आणि गर्दीत उड्या मारणाऱ्यांमुळं होणारी ढकलाढकली पण थांबते.

खात्री करायची असेल तर एफ३ दाबून ठेवून बी दाबा. प्रत्येकाभोवती पांढरी चौकट दिसते, तेवढीच त्याची खरी जागा. त्याला चौकटीसकट दारापाशी बघितलं की डोकं कुठं घासतंय ते समजतं.

दारं, फाटकं, आणि दार कुठनं लावलं

लाकडी दार चालतं. लोखंडी दार तो उघडत नाही. कुंपणाचं फाटक पण उघडत नाही, उघडं ठेवलेलं असेल तर त्यातनं जातो, बंद असेल तर त्याच्यासाठी ती भिंतच. किल्ल्याच्या वेशीला पोरांनी हौसेनं फाटकं लावली, दिवसा कुणीतरी उघडून ठेवायचं, संध्याकाळी कुणीतरी शिस्तीत बंद करायचं, आणि आतली माणसं आत, बाहेरची बाहेर. वेशीला एकतर दार ठेवा, नाहीतर नुसती कमान ठेवा.

यात एक बारीक गोष्ट आहे जी बऱ्याच जणांना माहीत नसते. दार लावताना तुम्ही कुठं उभारलाय त्यावर त्याची दिशा ठरते. बाजूनं उभारून लावलं तर दार "बंद" असताना वाट मोकळी दिसते आणि "उघडं" केल्यावर वाट अडते. आपण डोळ्यानं बघून जातो, गावकरी गेमला विचारून जातो. गेम म्हणतो दार बंद आहे, म्हणून तो येऊन ते उघडतो, आणि स्वतःच्याच तोंडावर वाट बंद करून घेतो. एखादा गावकरी दारापाशी सतत पुढं-मागं करत असेल तर दार काढून, बाहेरच्या बाजूनं बरोबर समोर उभारून परत लावा. दोन मिनिटांचं काम आहे.

कुंपण आणि दगडी वॉल ब्लॉक हे गेमच्या हिशोबात दीड ब्लॉक उंच असतात. त्यावर कार्पेट ठेवलं की आपण उडी मारून वर चढतो, गावकरी चढत नाही. जनावरं कोंडायला ही युक्ती छान आहे, पण पोरं ती शोभेसाठी चौकात वापरतात आणि मग चौक बंद होतो.

उतरता येतं, चढता येत नाही

वाट शोधताना गावकरी तीन ब्लॉकपर्यंत खाली उतरायला तयार असतो. वर मात्र एकच ब्लॉक. म्हणजे दोन किंवा तीन ब्लॉक खोल कुठलाही खड्डा हा त्याच्यासाठी एकतर्फी रस्ता आहे. पडून अडकला असं आपण म्हणतो, पण तो पडत नाही, जवळचा रस्ता म्हणून मुद्दाम उतरतो. पलीकडं बाहेर यायला पायरी नसली की तिथंच उड्या मारत बसतो.

म्हणून रस्त्याच्या कडेची गटारं एक ब्लॉक खोल ठेवा, त्यापेक्षा जास्त नाही. आडाला, विहिरीला पूर्ण कठडा करा, तोही कुंपणाचा किंवा वॉलचा, नुसता एक ब्लॉक उंच कठडा तो ओलांडतो. आणि जिथं जमीन खाली-वर आहे तिथं तीन ब्लॉकच्या उतारावर कुठंतरी परत चढायची वाट आहे का ते बघा.

शिडीबद्दल स्पष्ट सांगतो, शिडी ही त्याला वाट वाटतच नाही. वरच्या मजल्यावर बेड आणि जायला फक्त शिडी असेल तर तो बेड नसल्यातच जमा. ट्रॅपडोअर तर त्याहून वाईट, कारण उघडा ट्रॅपडोअर असला तरी त्याला तिथं जमीन आहे असं वाटतं, तो पाय ठेवतो आणि खाली जातो. झोम्बीचे सापळे लोक ह्याच गोष्टीवर बनवतात. माडीवर जायच्या भोकावर शोभेचा ट्रॅपडोअर ठेवला असेल तर काढून टाका.

रूळ, निवडुंग आणि पाणी

स्टेशन बांधलं तेव्हा रूळ रस्ता ओलांडून नेले, अगदी फाटकासकट. तेव्हापासून रुळाच्या पलीकडचे गावकरी बाजारात येईनात. जावामध्ये जो रुळावर उभारलेला नाही त्याच्यासाठी रूळ ही न ओलांडता येणारी जागा असते, म्हणजे एक सपाट रूळ पण अख्ख्या भिंतीएवढं काम करतो. रूळ वर घ्या आणि रस्ता खालनं न्या, किंवा उलट. रूळ तोडून मधे गॅप ठेवायचा पर्याय आहे पण मग गाडी तिथं थांबते, त्यामुळं मी तरी पूल करा म्हणेन, दिसायला पण छान दिसतो.

निवडुंग शोभेला लावायचा असेल तर रस्त्यापासून लांब लावा. निवडुंगाच्या शेजारचा ब्लॉक तो धोक्याचा धरतो आणि शक्यतो टाळतो. तीन ब्लॉकच्या रस्त्याला दोन्ही कडेला निवडुंग लावला की चालायला मधला एकच ब्लॉक बिनधोक राहतो, आणि अरुंद बोळात लावला की बोळ बंद झाल्यातच जमा.

पाणी त्याला चालतं पण महाग वाटतं, सुकी वाट असली तर तो सुक्या वाटेनंच जाईल. सिद्धेश्वर मंदिराकडं जाणारी वाट आमच्याकडं एक ब्लॉक रुंद केलेली, समोरासमोर दोघं आले की एक तलावात. पडल्यावर तो पोहतो, मरत नाही, पण काठ पाण्यापासून दोन ब्लॉक वर असेल तर बाहेर येता येत नाही. पूल तीन ब्लॉक रुंद केला, कडेला कुंपण लावलं, आणि तलावाला चारी बाजूंनी जागोजागी पाण्यापर्यंत पायऱ्या सोडल्या. तेव्हापासून तिथली तक्रार नाही.

कुणाचा माग, कुणाचा बेड

इथपर्यंत सगळं ठीक असेल तर आता थोडं वेळखाऊ काम. गावकरी वाटेत अडकलेला नसतो, त्याला चुकीच्या ठिकाणी जायचं असतं.

बेरोजगार गावकरी ४८ ब्लॉकच्या परिसरातलं रिकामं कामाचं ठिकाण शोधतो, आणि तिथपर्यंत वाट सापडली तर ते धरतो. धरलं की हिरवे ठिपके उडतात. माइनक्राफ्टमध्ये लूम, म्हणजे माग, हे मेंढपाळाचं कामाचं ठिकाण आहे. आता विचार करा, पूर्व भाग बांधायचा म्हणून पोरांनी एका कारखान्यात ओळीनं लूम मांडले, नुसते दिसायला. आजूबाजूच्या गल्लीतला प्रत्येक बेरोजगार उठला आणि मेंढपाळ झाला. ज्याच्यासाठी नवी पेठेत लेक्टर्न (लायब्रेरियनचं कामाचं ठिकाण) ठेवलेलं तो पण इकडं. दिवसभर सगळे त्या शेडच्या एका दारात, आणि दोन ओळींच्या मधे जागा एकाच ब्लॉकची, त्यामुळं आत गेलेला बाहेर येईना आणि बाहेरचा आत जाईना.

इलाज असा. शोभेचे लूम असे ठेवा की तिथं पोचताच येणार नाही, काचेमागं किंवा कुंपणामागं, वाट नसली की तो धरत नाही. खरे वापरायचे तेवढेच मोकळे. दोन ओळींच्या मधे कमीत कमी दोन ब्लॉक, जमलं तर तीन. शेडला दोन्ही टोकांना दार.

जोड्या चुकल्या असतील तर चुकीच्या जागेचा लूम किंवा लेक्टर्न तोडा, जो गावकरी पाहिजे तो जवळ असताना परत ठेवा. बेडचं पण तसंच. पण एक लक्षात घ्या, ज्याच्याशी तुम्ही एकदा जरी ट्रेड केलाय त्याचा धंदा पक्का झालेला असतो, तो बदलत नाही, आणि त्याला फक्त त्याच धंद्याची जागा चालते. मेंडिंगचं पुस्तक देणारा लायब्रेरियन असेल तर त्याच्या आसपास घाईनं तोडफोड नको, आधी वर्ल्डची कॉपी काढून तिच्यात करून बघा.

ट्रेडवरची लाल फुली पण इथंच सुटते. गावकरी माल भरतो तो स्वतःच्या कामाच्या जागेपाशी पोचल्यावर, दिवसातनं जास्तीत जास्त दोनदा. पोचला नाही तर माल नाही, एवढं सरळ आहे ते.

वाट तपासायला याचाच उपयोग करून घेता येतो, आणि ही माझी सगळ्यात आवडती युक्ती आहे. ट्रेड न केलेला एक बेरोजगार गावकरी घ्या. ज्या वाटेवर शंका आहे तिच्या अर्ध्यावर एक कंपोस्टर (शेतकऱ्याचं कामाचं ठिकाण) ठेवा. आसपास दुसरं रिकामं काम नको. धरला तर अर्धी वाट चांगली आहे, कंपोस्टर तोडून पुढच्या अर्ध्यावर ठेवा. नाही धरला तर फॉल्ट अलीकडं आहे, मागं या. असं अर्धं-अर्धं करत गेलं की कितीही मोठी गल्ली असली तरी दोषाचा ब्लॉक सापडतो, अंदाजानं भिंती फोडायची गरज पडत नाही.

रुंदी आणि गोलम

गावकरी ०.६ रुंद, त्यामुळं एका ब्लॉकच्या बोळातनं एकटा आरामात जातो. दोघं समोरासमोर आले की एकमेकांना ढकलतात, कुणीच मागं सरत नाही, आणि मागनं तिसरा-चौथा येऊन गच्च होतं. एकाच जागी २४ पेक्षा जास्त जण कोंबले गेले तर गेम त्यांना इजा करायला लागतो, जावाची ती ठरलेली मर्यादा आहे. रोजच्या वाटेचे बोळ दोन ब्लॉक, पेठेचा रस्ता तीन ते पाच, आणि जिथं घंटा आहे तिथं चारी बाजूंनी मोकळं पटांगण. जुन्या भागाचा फील पाहिजे म्हणून एका ब्लॉकचे बोळ ठेवायचेच असतील तर असे ठेवा की ते कुणाच्या घराची एकमेव वाट नसतील.

गोलम १.४ रुंद आहे म्हणजे त्याला दोन ब्लॉक रुंदी आणि तीन ब्लॉक उंची लागतेच. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज ज्या रस्त्यानं जातात तिथं माणसाच्या उंचीचा हिशोब चालत नाही, काठीच्या उंचीचा धरावा लागतो, तसा मुख्य रस्त्यांचा हिशोब गोलमच्या मापानं धरा. कमानी, दुकानांच्या छपऱ्या, लटकते कंदील, हे सगळं तीन ब्लॉकच्या वर. घरात तो शिरला नाही तरी चालतं.

गावाचा नकाशाच बदलायचा असेल तर

हे सगळ्यात महाग, म्हणून शेवटी. वरचं सगळं करून पण लांबचे गावकरी पोचत नसतील तर आराखड्यात गडबड असते.

फार लांबचं ठिकाण असलं की गावकरी अख्खी वाट एका दमात काढत नाही, साधारण त्या दिशेनं थोडं-थोडं सरकत जातो. सरळ दिशेनं सरकताना मधे यू आकाराची भिंत आली, आणि उघडं तोंड त्याच्याकडं असलं, की तो आत शिरतो आणि तळाशी अडकतो, कारण बाहेर यायचं तर आधी ठिकाणापासून लांब जावं लागतं. बराच वेळ पोचता आलं नाही तर तो ते कामाचं ठिकाण किंवा बेड सोडूनच देतो. किल्ल्याच्या तटबंदीला नेमकं हे होतं. वेस एकाच बाजूला, आणि काम पलीकडं. तटाला समोरासमोर दोन वेशी द्या, किंवा घर आणि काम दोन्ही तटाच्या एकाच बाजूला ठेवा.

मला विचाराल तर गाव पेठांमध्ये बांधा. आपल्याकडं मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ, साखर पेठ, प्रत्येक पेठेचं आपलं बाजार-दुकान-घर जवळजवळ असतंच की. तसंच गेममध्ये करा, प्रत्येक पेठेत तिचे बेड, तिची कामाची ठिकाणं, तिची घंटा, आणि दोन पेठांच्या मधे शक्य तेवढं जास्त अंतर, ४८ ब्लॉकच्या वर गेलं तर उत्तम, म्हणजे इकडचा बेरोजगार तिकडचा माग धरायला जाणार नाही. घरापासून कामापर्यंतची वाट वीस-पंचवीस ब्लॉकांत बसवा. दिसायला मोठ्ठं शहर वाटलं तरी गावकऱ्यासाठी ते छोट्या गावांची रांग असते, आणि अशा गावात फॉल्ट आला तरी एका पेठेपुरता राहतो, शोधायला सोपा जातो.

ज्यांना स्वतःचा गेम बनवायचाय त्यांनाही हाच क्रम चालेल, फक्त तिथं ब्लॉकऐवजी नॅव्हमेश असतो, म्हणजे पात्राला कुठं चालता येतं त्याचा नकाशा. अनरिअल आणि युनिटी ही गेम बनवायची सॉफ्टवेअर. अनरिअलमधला नॅव्हमेश मिको मोनोनेन यांच्या रीकास्ट या लायब्ररीवर उभा आहे. युनिटीत पात्राची ठरलेली त्रिज्या ०.५ आणि उंची २ असते, म्हणजे एक मीटरपेक्षा अरुंद दारात नॅव्हमेश तयारच होत नाही. आधी नॅव्हमेश डोळ्यांनी बघा, दारात निळा पट्टा तुटलाय का, मग कोडला हात लावा.

कुठं थांबायचं

तीन ठिकाणी थांबा आणि जाणकाराला बोलवा.

पहिलं, एक-दोन गावकरी अडकलेत असं नसून सगळा गावच संथ चालतोय, दार उघडल्यावर क्षणभरानं उघडतं, तोडलेला ब्लॉक परत येतो. हा वाटेचा फॉल्ट नाही. सर्व्हरनं सेकंदाला २० टिक मारायचे असतात, एका टिकला ५० मिलिसेकंद. १.२०.३ पासून टिक क्वेरी ही कमांड आहे, तिच्यात टिकचा सरासरी वेळ ५० च्या वर दिसला तर काम सर्व्हर चालवणाऱ्याचं आहे, तुम्ही कितीही कार्पेट उचलली तरी फरक पडणार नाही.

दुसरं, सर्व्हरवर मॉड किंवा प्लगइन असतील. स्पिगॉटसारख्या सर्व्हरमध्ये एंटिटी ॲक्टिव्हेशन रेंज म्हणून सेटिंग असते, खेळाडूपासून ठराविक अंतराबाहेरच्यांची हालचाल ती कमी करते, लोड वाचवायला. तेव्हा गावकरी अर्ध्या वाटेत थिजल्यासारखे दिसतात. ते तुमच्या हातात नाही आणि सेटिंगच्या फाईलमध्ये आपण जाऊन अंदाजानं आकडे बदलायचे नाहीत. तपासायचं असेल तर वर्ल्डची कॉपी आपल्या कॉम्प्युटरवर बिनमॉडची चालवा, तिथं गावकरी नीट चालले तर वाट निर्दोष आहे.

तिसरं, एका ठराविक जागी गेलं की गेम बंद पडतो, किंवा जमिनीत चौकोनी भोक दिसतं, किंवा गावकरी एका सरळ रेषेपलीकडं गायब होतात. चंक, म्हणजे गेमच्या जगाचा एक चौकोनी तुकडा, खराब झालाय. इथं स्वतः काहीही करू नका. एका रीजन फाईलमध्ये ३२ बाय ३२ चंक असतात, म्हणजे ५१२ बाय ५१२ ब्लॉकचा भाग, एक चुकीची फाईल उडवली तर अख्खी पेठ गेली. आधी सगळ्या वर्ल्ड फोल्डरची कॉपी दुसऱ्या ड्राइव्हवर, सर्व्हर बंद करून, मग ज्याला या फाईली दुरुस्त करता येतात अशालाच द्या.

जाणकाराला कळवताना नुसतं "गावकरी अडकलाय" असं लिहू नका, त्यातनं त्याला काही कळत नाही. गेमचं व्हर्जन, जावा की बेडरॉक, मॉड-प्लगइनची यादी, एफ३ च्या स्क्रीनवरचे त्या जागेचे एक्स-वाय-झेड आकडे, गेममधली वेळ, आणि पांढऱ्या चौकटी चालू करून काढलेला एक मिनिटाचा व्हिडिओ, आणि वरच्यापैकी काय काय तपासून झालंय ते.